भिंतीवरची ओल आणि तक्रारवही: पुण्यातील एका जुन्या सोसायटीत भाडेकरू म्हणून काढलेली सात वर्षे

मे २०१८पासून आम्ही, म्हणजे मी, माझी पत्नी आणि माझी आई, पुण्यातील एरंडवणे भागात एका जुन्या सहकारी गृहनिर्माण सोसायटीत भाड्याने राहत आहोत. सोसायटीत तळमजला आणि वर तीन मजले अशा तीन इमारती असून एकूण ४८ सदनिका आहेत. बांधकाम १९७९ साली पूर्ण झाले आणि इमारतींना लिफ्ट नाही. जुनी इमारत म्हटली की ओल, गळके पाइप आणि पडणारा गिलावा हे सारे गृहीतच धरायचे असते, अशा समजुतीने आम्ही तिथे राहायला आलो होतो. ती समजूत फार थोड्या दिवसांत मागे पडली. मात्र २०२२च्या फेब्रुवारीत आमच्या छोट्या खोलीच्या भिंतीवर ओल उमटली आणि पुढील साडेतीन महिन्यांत ही सोसायटी चांगली का राहिली आहे आणि तिच्या चांगलेपणात नेमकी कुठे फट आहे, या दोन्ही गोष्टी आम्हाला जवळून पाहायला मिळाल्या. प्रस्तुत नोंद मुख्यतः त्या साडेतीन महिन्यांविषयी आहे. सोसायटीचे आणि व्यक्तींचे नाव मी जाणीवपूर्वक दिलेले नाही.

आरंभी एक खुलासा करणे आवश्यक आहे. कायद्याच्या भाषेत आम्ही ‘भाडेकरू’ नाही. आमचा करार ‘लिव्ह अँड लायसन्स’चा, म्हणजे ठरावीक मुदतीपुरता जागा वापरण्याच्या परवान्याचा आहे, आणि महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ नुसार तो लेखी असणे व त्याची नोंदणी होणे बंधनकारक आहे. ही नोंदणी करून घेण्याची जबाबदारी कायद्याने घरमालकावर टाकलेली आहे, ही गोष्ट पुष्कळ भाडेकरूंना माहीत नसते. बोलण्यात मात्र सर्वजण भाडेकरू हाच शब्द वापरतात, म्हणून मीही तोच वापरतो.

इमारत आणि तिचा काळ

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे आणि त्यापाठोपाठ खडकवासल्याचे धरण फुटले आणि मुठेकाठच्या पेठांतील अनेक कुटुंबांची घरे गेली. त्यानंतरच्या दोन-तीन दशकांत एरंडवणे, कोथरूड, सहकारनगर या बाजूंना मध्यमवर्गीयांच्या ज्या गृहरचना संस्था उभ्या राहिल्या, त्यांपैकीच ही एक उशिराची संस्था होय. पहिले सभासद बँकेत, शिक्षण खात्यात आणि सरकारी कचेऱ्यांत नोकरी करणारे होते. पगारातून हप्ते भरून घेतलेले घर पुन्हा कधी घेता येणार नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते, आणि ते भान इमारतीच्या प्रत्येक कोपऱ्यात अजूनही दिसते.

छत दहा फूट उंचीवर, बाहेरच्या भिंती नऊ इंची विटांच्या, प्रत्येक खिडकीवर दोन फुटांचा छज्जा, दारांच्या चौकटी सागवानी आणि जमिनीला मोझॅकच्या फरशा. एप्रिल-मे महिन्यांत ऑफिसमधील सहकारी नव्या, उंच इमारतींमधील काचेच्या खिडक्यांपासून येणाऱ्या उष्म्याबद्दल बोलतात तेव्हा आमच्या घरात दुपारी पंखा पुरतो. समोरासमोरच्या खिडक्यांमुळे वारा आरपार वाहतो. उलटपक्षी, खोल्या लहान आहेत, न्हाणीघर अरुंद आहे, आणि भिंतीत कपाटे नाहीत. आईचे गुडघे दुखू लागल्यापासून दुसऱ्या मजल्यापर्यंतच्या ३६ पायऱ्या तिला दिवसातून एकदाच चढवतात, आणि हे दुःख इमारतीच्या कोणत्याही गुणाने भरून निघत नाही.

राहायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात सचिव काका घरी आले. त्यांनी दोन गोष्टी हातात दिल्या. एक, सोसायटीच्या नियमांची चार पाने. दुसरी, पाण्याचे वेळापत्रक. पुण्यात महापालिका दुरुस्तीच्या कामांसाठी अनेकदा गुरुवारी पाणीपुरवठा बंद ठेवते आणि शुक्रवारी पाणी उशिरा व कमी दाबाने येते, हे त्यांनी आम्हाला प्रथमच सांगितले. सोसायटीची जमिनीखालील टाकी त्या हिशेबाने बुधवारी रात्री काठोकाठ भरली जाते. वरच्या टाक्या दर सहा महिन्यांनी, एकदा पावसाळ्यापूर्वी आणि एकदा दिवाळीनंतर, उपसून धुतल्या जातात आणि धुतल्याची तारीख टाकीच्याच भिंतीवर रंगाने लिहिली जाते. गच्चीवर गेलो की ती तारखांची रांग मी अजूनही वाचतो.

जाता जाता काका म्हणाले, “काही बिघडलं, तर जिन्याखाली तक्रारवही आहे, तिच्यात लिहा. मालकांना फोन करा, पण वहीत लिहिल्याशिवाय काम सुरू होत नाही.” त्या वाक्याचे महत्त्व मला चार वर्षांनी कळले.

देखभालीचा पैसा कुठून येतो

जुनी सोसायटी चांगली राहते ती तिच्या हिशेबावर, आणि म्हणून ओलीच्या प्रसंगाकडे वळण्यापूर्वी हा भाग थोडा सविस्तर सांगणे भाग आहे. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींमध्ये, म्हणजे शासनाच्या नमुना नियमावलीत, दोन निधींची तरतूद आहे. दुरुस्ती व देखभाल निधीसाठी प्रत्येक सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंडासाठी, म्हणजे भविष्यातील मोठ्या कामांसाठीच्या राखीव निधीसाठी, किमान ०.२५ टक्के रक्कम दरवर्षी गोळा करावी, असे त्यात म्हटले आहे. नव्या इमारतीत हा आकडा बरा दिसतो. परंतु ज्या सदनिकेचा बांधकाम खर्च १९७९ साली, समजा, ६० हजार रुपये होता, तिच्या बाबतीत हे दोन्ही मिळून वर्षाला ६०० रुपये, म्हणजे महिन्याला ५० रुपये होतात. ५० रुपयांत आज एक नळ दुरुस्त होत नाही. किमान दराला चिकटून राहिलेल्या अनेक जुन्या सोसायट्यांची तिजोरी रिकामी का असते आणि प्रत्येक मोठ्या दुरुस्तीच्या वेळी सभासदांकडे हजारोंची वर्गणी मागण्याची, मग भांडणाची आणि शेवटी काम लांबणीवर टाकण्याची पाळी का येते, याचे एक साधे कारण या गणितात आहे.

किमान दराहून अधिक दर ठरवण्याचा अधिकार सर्वसाधारण सभेला असतो. आमच्या सोसायटीने तो फार पूर्वी वापरला. सेवानिवृत्त बँक अधिकारी असलेल्या तत्कालीन खजिनदारांनी मूळ बांधकाम खर्चाऐवजी चालू बाजारभावाने इमारत पुन्हा बांधायला किती लागेल, असा अंदाज सभेपुढे मांडला आणि दुरुस्ती निधीचा दर दर पाच वर्षांनी त्या अंदाजाशी ताडून पाहायचा ठराव करून घेतला. मला हे घरमालक काकांनी सांगितले, आणि सांगताना ‘त्या वेळी आम्ही सगळे त्यांच्यावर चिडलो होतो’ असेही ते म्हणाले.

भाडेकरूंशी संबंधित आणखी एक रक्कम आहे ती बिनभोगवटा शुल्काची. सभासद स्वतः न राहता घर भाड्याने देतो तेव्हा सोसायटी हे शुल्क आकारते. पूर्वी काही सोसायट्या त्या नावाखाली मनमानी रकमा घेत. राज्य शासनाच्या ऑगस्ट २००१ मधील आदेशाने ही रक्कम सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा अधिक नसावी, अशी मर्यादा घातली. आमच्याकडे ती मर्यादा पाळली जाते, आणि घर भाड्याने देताना सोसायटीची परवानगी नव्हे तर केवळ आगाऊ सूचना व कराराची प्रत द्यावी लागते, हेही समिती मान्य करते. पुण्यात घर शोधताना अविवाहित आहात का, जेवणात काय खाता, गाव कोणते, अशा प्रश्नांना आम्ही इतर ठिकाणी बरेच तोंड दिले होते. येथे सचिव काकांनी फक्त करार, ओळखपत्रे आणि पोलीस पडताळणीची पावती मागितली.

भिंतीवरचा डाग

छोट्या खोलीत आईचे लाकडी कपाट भिंतीला लागून उभे होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये एके दिवशी कपाटातील साड्यांना दमट वास येऊ लागला, म्हणून ते पुढे ओढले, तर मागच्या भिंतीवर छतापासून हातभर खाली बशीएवढा पिवळसर डाग होता आणि त्याच्या कडेने रंगाचे पोपडे सुटू लागले होते. ही भिंत एका बाजूने आमच्या न्हाणीघराला आणि दुसऱ्या बाजूने डक्टला लागून आहे. डक्ट म्हणजे इमारतीच्या उत्तर बाजूचा, तळापासून गच्चीपर्यंत उघडा असलेला अरुंद चौकोन, ज्यातून प्रत्येक मजल्यावरील दोन सदनिकांचे सांडपाण्याचे पाइप खाली जातात.

पहिले तीन आठवडे आम्ही काहीच केले नाही. घर आपले नाही, भिंत मालकांची, पावसाळ्यात बघू, असा विचार करून मी कपाट दुसऱ्या भिंतीकडे सरकवले आणि खिडकी उघडी ठेवली. या तीन आठवड्यांची मला आजही खंत वाटते, कारण तेवढ्या काळात डाग ताटाएवढा झाला. भाडेकरूच्या मनात हा विचार नेहमी असतो, आणि तो इमारतीच्या मुळावर येणारा आहे. घरमालक काका नाशिकला राहतात आणि वर्षातून एकदा येतात. भिंतीला रोज पाहणारी माणसे आम्ही तिघेच होतो. आम्ही बोललो नाही तर ते दुसरे कोणी बोलणे शक्यच नव्हते.

शेवटी काकांना फोन केला. ते म्हणाले, “मला सांगितलंत ते बरं केलंत, पण वहीत तुम्हीच लिहा. तुमच्या सहीने.” मी सायंकाळी तक्रारवहीत तारीख, सदनिका क्रमांक, डागाचे ठिकाण आणि अंदाजे आकार लिहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी सचिव काका आणि सोसायटीचे नेहमीचे प्लंबर घरी हजर होते.

पुढचा प्रश्न, पाणी कुठून येते हा, ऐकायला सोपा असला तरी जुन्या इमारतींतील बहुतेक भांडणे त्याच प्रश्नावर पेटतात, कारण उत्तरावरून खर्च कोणाचा ते ठरते. उपविधींनुसार गच्ची, बाहेरच्या भिंती, पावसाचे पाणी आणि सामाईक पाइप यांतून होणारी गळती दुरुस्त करणे सोसायटीचे काम आहे. एखाद्या सदनिकेच्या न्हाणीघरातून, संडासातून किंवा सिंकमधून होणारी गळती त्या सदनिकेच्या सभासदाने दुरुस्त करायची असते. त्यामुळे वरच्या मजल्यावरचा शेजारी म्हणतो पाइप खराब आहे, समिती म्हणते तुमची फरशी खराब आहे, आणि खालच्या घरातील माणूस दोघांच्या मध्ये ओल पाहत बसतो.

पावसाचा संशय लगेच निकाली निघाला. फेब्रुवारीत पाऊस नव्हता आणि गच्ची व आमचे छत यांच्यामध्ये एक पूर्ण मजला होता. आमच्या स्वतःच्या न्हाणीघराचाही संबंध नव्हता, कारण डाग त्याच्या जमिनीच्या खूप वर होता. उरल्या दोन शक्यता: वरच्या आजींचे न्हाणीघर किंवा डक्टमधील पाइप. प्लंबरचा पहिला कल आजींच्या न्हाणीघराकडे होता, कारण दहापैकी आठ वेळा तसेच असते, असे त्यांचे म्हणणे होते. आजींचे वय ८० च्या पुढे, आणि न्हाणीघराची फरशी उखडून नवे वॉटरप्रूफिंग करायचे म्हणजे निदान १५ दिवसांचा खोळंबा व मोठा खर्च. सचिव काकांनी घाईने तसा निर्णय दिला नाही, याचे मला फार कौतुक वाटते. त्यांनी आजींना विनंती केली की त्यांनी चार दिवस ते न्हाणीघर अजिबात वापरू नये आणि दुसरे वापरावे. मग पेन्सिलीने डागाच्या कडेकडेने रेघ ओढून तिच्यावर तारीख लिहिली.

चार दिवसांत आजींच्या न्हाणीघरात थेंबभर पाणी पडले नाही, तरीही डाग रेघेच्या बाहेर दोन बोटे सरकला. म्हणजे पाणी आजींकडून येत नव्हते. त्या डक्टमध्ये मात्र तिसऱ्या मजल्यावरच्या दुसऱ्या सदनिकेचाही पाइप उतरत होता. प्लंबरने त्या सदनिकेच्या संडासात रंग मिसळलेले पाणी ओतले आणि मदतनीसाला बॅटरी घेऊन डक्टच्या दारातून वर पाहायला लावले. तिसऱ्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मध्ये, भिंतीकडच्या बाजूने, रंगीत ओघळ दिसला. आजी दुसऱ्या दिवशी आमच्याकडे आल्या आणि आईला म्हणाल्या, “माझं न्हाणीघर वाचलं हो! पण खरं कळलं याचं मला जास्त बरं वाटलं.”

परांची बांधून माणूस वर चढला तेव्हा कारण दिसले. मूळचा बिडाचा पाइप होता. त्याच्या दोन तुकड्यांच्या सांध्यात, जिथे पूर्वीच्या पद्धतीप्रमाणे ताग आणि शिसे ठासलेले होते, तिथे भिंतीच्या फटीतून उगवलेल्या पिंपळाच्या रोपाने मूळ घातले होते. वरून पाहताना ते रोप पाइपच्या वळणाआड झाकले जात होते आणि खालून पाहताना अंधारात दिसत नव्हते. पुण्या-मुंबईच्या जुन्या इमारतींत पिंपळ आणि वड यांची रोपे पक्ष्यांच्या विष्ठेतून येतात आणि ओल मिळेल तिथे मूळ धरतात, आणि वरून छाटली तर पुन्हा फुटतात. मूळ काढावे लागते. सोसायटीचा माळी दरवर्षी पावसाळ्यानंतर भिंतींवरची रोपे काढतो, पण डक्टच्या आतपर्यंत तो कधी गेला नव्हता.

सळई आणि गुलाबी रंग

पाइप बदलणे पुरेसे नव्हते. डक्टकडच्या तुळईच्या तळाशी काँक्रीटची खपली सुटलेली होती आणि आतली सळई उघडी पडून गंजलेली होती. समितीने आपल्या नेहमीच्या संरचना अभियंत्यांना बोलावले. त्यांनी सळईजवळचे काँक्रीट थोडे फोडून त्यावर फिनॉल्फथॅलिनचे द्रावण शिंपडले. काही जागा गडद गुलाबी झाल्या आणि काही तशाच राखाडी राहिल्या. त्यांनी त्याचा अर्थ मला समजावून सांगितला. चांगले काँक्रीट अल्कधर्मी असते आणि त्या गुणामुळेच आतल्या लोखंडावर गंज चढत नाही. हवेतील कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे आत शिरून ती अल्कता कमी करतो, आणि जिथे ती पुरेशी कमी झालेली असते तिथे द्रावण रंग धरत नाही. त्यात ओलीची भर पडली की सळई गंजू लागते. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा व्यापतो, म्हणून तो आतून ढकलतो आणि काँक्रीटची खपली उडवतो. तुळईत राखाडी पट्टा सळईपर्यंत पोचलेला होता, पण केवळ दीड हात लांबीत. पाण्याचा ओघळ जिथून गेला होता नेमका तिथेच.

काम नऊ दिवस चालले. सैल काँक्रीट ठोकून काढले, सळई तारेच्या ब्रशने घासून स्वच्छ केली, तिच्यावर गंजरोधक लेप दिला आणि पॉलिमर मिसळलेल्या मॉर्टरने तो भाग पुन्हा भरला. डक्टमधील संपूर्ण बिडाचा पाइप काढून पीव्हीसीचा पाइप बसवला. हा सारा खर्च दुरुस्ती निधीतून झाला. सभासदांकडून एक रुपयाही वेगळा मागावा लागला नाही, आणि त्यामुळे मार्चमध्ये निर्णय होऊन त्याच महिन्यात काम सुरू होऊ शकले. वर सांगितलेल्या खजिनदारांच्या ठरावाचा अर्थ मला त्या दिवशी नीट उमगला.

आमच्या खोलीच्या आतील भिंतीबाबत मात्र मतभेद झाला. समितीतील एका सभासदाचे म्हणणे असे होते की आतला गिलावा आणि रंग हा सदनिकाधारकाचा प्रश्न आहे. घरमालक काकांचे म्हणणे असे होते की नुकसान सामाईक पाइपमुळे झाले असेल तर भिंत पूर्ववत करून देणेही सोसायटीचेच काम आहे. माझ्या मते काका बरोबर होते. दोन आठवड्यांच्या पत्रव्यवहारानंतर गिलावा सोसायटीने आणि रंग काकांनी करावा, असे ठरले. ओला गिलावा काढून भिंत सहा आठवडे उघडी ठेवली, कारण ओल्या विटांवर नवा गिलावा टिकत नाही. त्या काळात आई बाहेरच्या खोलीत झोपत असे. काकांनी न मागता दोन महिन्यांच्या भाड्यातून चौथा हिस्सा वजा केला. करारात तशी कोणतीही अट नव्हती.

अहवाल, जो आम्हाला दाखवला गेला नाही

आता ज्या फटीचा मी आरंभी उल्लेख केला तिच्याविषयी. आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतींचे स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतींचे दर तीन वर्षांनी करणे अपेक्षित आहे. आमची सोसायटी ते करते, आणि त्याबद्दल तिचा सार्थ अभिमान बाळगते. गळतीच्या काळात मी समितीकडे शेवटचा, म्हणजे २०२१चा अहवाल पाहायला मागितला. उत्तर आले की अहवाल केवळ सभासदांना पाहता येतो आणि तुम्ही नाममात्र सभासदसुद्धा नाही. नियमांच्या दृष्टीने त्यात चूक नव्हती. घरमालक काकांनी लेखी पत्र पाठवल्यावर, तेव्हा कुठे, तो मला कार्यालयात बसून वाचायला मिळाला.

त्या अहवालात, पान क्रमांक सातवर, उत्तरेकडील डक्टमधील बिडाचे पाइप आयुष्याच्या अखेरीस आले असून सांध्यांची पाहणी करावी व दोन वर्षांत पाइप बदलावेत, असे स्पष्ट लिहिलेले होते. सोसायटीने २००९ मध्ये दक्षिणेकडील सर्व पाइप बदलले होते आणि उत्तरेकडील राहिले होते, हेही देखभालीच्या जुन्या वहीत सापडले. समितीने २०२१ मध्ये ते काम पुढे ढकलले, कारण त्या वर्षी गच्चीच्या वॉटरप्रूफिंगला प्राधान्य दिले गेले. गच्चीला प्राधान्य देण्याचा निर्णय मला आजही योग्य वाटतो, कारण सगळी कामे एका वर्षात होत नाहीत. पण ज्या सदनिकांच्या भिंती त्या डक्टला लागून आहेत, त्यांत राहणाऱ्यांना एवढेच जरी कळवले असते की ‘या भिंतीवर लक्ष ठेवा, डाग दिसला तर लगेच लिहा’, तर आम्ही कपाट त्या भिंतीला लावलेच नसते आणि मी तीन आठवडे गप्प बसलो नसतो. त्यांपैकी पाच सदनिकांत भाडेकरू राहतात. सभासदांना अहवाल मिळाला, पण त्यातले पाच जण तिथे राहतच नव्हते.

मी हे सारे एका पानावर लिहून समितीला दिले. तक्रारीच्या सुरात लिहू नये, याची काळजी घेतली, पण मुद्दा सोडला नाही: इमारतीच्या सुरक्षिततेची माहिती मालकी पाहून नव्हे, तर राहणाऱ्याला पाहून द्यायला हवी. भाडेकरूला मत देण्याचा अधिकार नाही आणि तो मी मागितलाही नाही. उत्तर लेखी आले नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात मात्र तिन्ही इमारतींच्या जिन्याखालच्या फलकावर अहवालाचा दोन पानांचा मराठी सारांश लागला, त्यात कोणत्या सदनिकांनी कोणत्या भिंतींकडे लक्ष द्यावे हे क्रमांकांनिशी लिहिलेले होते. उरलेल्या दोन इमारतींमधील उत्तरेकडील पाइपही पावसाळ्यापूर्वी बदलले गेले, आणि माळ्याच्या कामांच्या यादीत ‘डक्टच्या आतील रोपे’ ही ओळ वाढली. २०२४च्या अहवालाचा सारांशही तसाच लागला.

आजची स्थिती

छोट्या खोलीची भिंत तीन पावसाळ्यांनंतरही कोरडी आहे. कपाट मात्र आम्ही पुन्हा तिथे ठेवलेले नाही. दुचाकी लावायला भाडेकरूंना ठरलेली जागा नाही, जिन्याला एकाच बाजूने कठडा आहे आणि आईसाठी दुसऱ्या बाजूने दांडा बसवावा, ही माझी विनंती वर्षभर विचाराधीन आहे. तक्रारवहीत ती दोनदा लिहिली आहे.

मोठा प्रश्न पुनर्विकासाचा आहे. आजूबाजूच्या चार सोसायट्या पाडल्या गेल्या आणि आमच्याकडेही विकासकांची पत्रे येऊ लागली आहेत. लिफ्ट आणि मोठ्या खोल्या यांची गरज वयस्क सभासदांना खरोखरीच आहे, हे आईकडे पाहून मी नाकारू शकत नाही. राज्य शासनाच्या जुलै २०१९च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पुनर्विकासाच्या निर्णयाला एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्क्यांची संमती लागते. त्या मोजणीत आम्ही कुठेच येत नाही. सभासदांना काम चालू असताना पर्यायी जागेचे भाडे मिळते, परवान्यावर राहणाऱ्याला काही मिळत नाही, आणि मुदत संपल्यावर जागा न सोडल्यास दुप्पट भाडे द्यावे लागण्याची तरतूद कायद्यात आहे. गेल्या सर्वसाधारण सभेत सभासदांनी आधी इमारतींची संपूर्ण तपासणी करून दुरुस्तीचा व पुनर्विकासाचा खर्च शेजारी शेजारी मांडावा, असे ठरवले. हा निर्णय मला शहाणपणाचा वाटला.

यंदा करार नव्याने करताना मी घरमालक काकांना एकच गोष्ट मागितली. पूर्वीच्या करारात दोन्ही बाजूंनी एक महिन्याची सूचना पुरेशी होती. पुनर्विकासाचा ठराव झाला तर सहा महिने आधी लेखी सूचना द्यावी, असे कलम त्यात घालावे, अशी माझी विनंती होती. काकांनी फोनवर थोडा विचार केला आणि म्हणाले, “घाला. तुम्ही तक्रारवहीत लिहिलं नसतं तर माझी तुळई गेली असती.” ते कलम आता नोंदणीकृत करारात नवव्या क्रमांकावर आहे.